पाठीवरचं पिल्लू

२६ मार्च १९३३
हे दौऱ्यावरून आले ते पोत्यात अस्वलाचं पिल्लू घेऊन! रामटेककडच्या जंगलात मोहाखाली सापडलं म्हणे. आई पळून गेली. मांजराएवढं आहे, काळंभोर. दूध घेत नाही, मांडीवर घेतलं तर ओरबाडतं. रेंजर झाले म्हणून जंगल घरात आणायचं का?

२८ मार्च
अजून उपाशीच. भांड्यांना येणारी प्रयागबाई पूर्वी जंगलात मोहाची फुलं वेचायला जायची. बघून म्हणाली, "मांडी नाही बाई, त्याले पाठ पाहिजे." अस्वलीण पिल्लं पाठीवर घेऊनच हिंडते म्हणे. तिनं माझ्या पाठीवर काळी घोंगडी बांधली. पिल्लू सरसर चढलं, लोकरीत नखं रुतवली आणि गुणगुणायला लागलं — भुंग्यासारखं! मग दूध प्यालं. मी तशीच पोळ्या लाटल्या.

४ एप्रिल
साऱ्या धंतोलीत बोभाटा झालाय. शेजारच्या पुष्पलताबाई मुद्दाम विरजण मागायला आल्या. हसेनात का.
यांना म्हटलं, नेऊन सोडा, आई शोधत असेल. म्हणाले, मोह संपू दे, सध्या तिकडे माणसांची वर्दळ आहे.

१९ एप्रिल
मोह संपला. आता म्हणतात वणवे लागलेत.
पिल्लू दोन पावसाळे आईजवळ राहतं, प्रयागबाईला विचारून ठेवलंय. म्हणजे वेळ गेलेली नाही. पण मी पाठीवर पिल्लू घेऊन समोर आले की हे उठूनच जातात. आणलं कशाला मग?

२ मे
भांडण. बैलगाडी सांगते, मीच नेते म्हटलं. "ती तिथं नाही, वच्छला," एवढंच म्हणाले. नसेल, पलीकडच्या डोंगरावर असेल. शोधू की! सोडताना मला फार जड जाणार आहे. रडू येतं नुसत्या विचारानं. तरी सोडायचंच. आई ती आई.

११ मे
यांच्या वरच्या साहेबाकडे जायचा गठ्ठा चुकून घरी आला. मी सोडला. अस्वलाचं कातडं, कमावून आलेलं.
हे दारातच थांबले. मोह वेचणाऱ्या एका बाईवर ती धावून गेली होती, म्हणून यांनीच गोळी घातली. "पिल्लू तेव्हा पाठीवरच होतं," म्हणाले.
पिल्लू माझ्या पाठीवरून उतरलं. त्या कातड्यावर चढलं, नखं रुतवली. गुणगुणतंय.