कारंज्याच्या यार्डातला गार्डचा डबा

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आज मात्र हे सांगायला दुसरं माणूस सुचत नाही. तुमचा गार्डचा डबा आज हलवला!

नॅरोगेजची छोटी लाइन बंद पडल्यापासून तो दोन मालडब्यांसोबत कारंज्याच्या यार्डात, बाभळींत उभा होता. आता जतन करायचे म्हणून तिन्ही डबे क्रेननं उचलून स्टेशनासमोर मांडायचं ठरलं. मी खूश व्हायला हवं होतं ना? पण आठवडाभर मी रोज यार्डात चक्कर मारत होते. खालचं लाकूड किती कुजलंय, तुम्ही कुठं पाहिलंत!

सकाळी पहिला मालडबा उचलला आणि त्याचा तळच गळून पडला. कापसाच्या गाठी वाहिलेला डबा, बाबा! नुसता पत्र्यांचा ढीग झाला.

तेवढ्यात सोबत आलेली आई दिसेना. शोधते तर ती तुमच्या डब्यात, ब्रेकचं चाक घट्ट धरून बसलेली.

"आई, उतर! डबा तुटन."

"तुटू दे. तू याच डब्यात झाली."

"काय?"

"पुरानं रस्ता बंद होता. तुह्या बापानं मले मालगाडीच्या या डब्यात घातलं. दवाखाना यायच्या आधीच तू झाली. नोकरी जाईन म्हून कोनाले सांगतलं नाही."

मला तरी सांगायचं होतंत, बाबा! इतकी वर्षं मी दवाखान्याचंच नाव सांगत आले. त्या दिवशी तुम्ही झेंडी दाखवत होतात की आईचा हात धरून होतात? भीती नाही वाटली?

"मावशी, काम खोळंबून राह्यलं," क्रेनजवळून मुकादम ओरडला.

"आधी सांग, हा डबाबी तसाच तुटन काय?" आईनं विचारलं.

त्यानं वाकून डब्याचा तळ पाहिला. त्यालाही भीतीच वाटत होती. शेवटी त्यानं लोखंडी गर्डर मागवून डब्याखाली सरकवले, तेव्हा कुठं आई माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून उतरली.

डबा वर गेला, करकरला. मी डोळे मिटले. आईनं नाही मिटले. खाली टेकला तेव्हा एक दार निखळलं होतं, बाकी शाबूत!

दुसरा मालडबा अजून यार्डातच आहे. तो उद्या उचलणार. पण आम्ही दोघी तिथं उभ्या राहू, आणि खाली गर्डर लागल्याशिवाय त्याला कुणाला हात लावू देणार नाही. शब्द देते.

तुमचीच,
मंदा