मायला घराबाहेर काढल्याचा खुलासा

॥ खंडेराया प्रसन्न ॥

माघ वद्य पंचमी, शके १८६३

तीर्थरूप चंद्रभागाआक्काच्या पायी धाकट्या मल्हारीचा दंडवत. इकडे आम्ही सारे, दोन कुत्री आणि साठ मेंढ्या धरून, खुशाल आहोत. तिकडची खुशाली, दाजींचा खोकला गेला की राहिला यासकट, कळवावी. पत्र तुला दाजीच वाचून दाखवणार, म्हणून त्यांनाही दंडवत. (दाजी, मागच्या पत्रातला तुमच्याबद्दलचा मजकूर तुम्ही गाळून वाचला, असं ऐकलं. या पत्रात तसं काही नाही.)

पत्रास कारण की, मी मायला शिदोरी बांधून घराबाहेर काढलं, ही बातमी तुला कळमनुरीच्या बाजारात मिळालीच असेल. शेजारच्या गोजरबाई त्या बाजाराला गेल्या होत्या, म्हणजे मिळालीच. बातमी खरी आहे. पण आधी सगळं ऐक, मग शिव्या दे.

दसऱ्याला मायला हिवताप आला तो दिवाळी करूनच गेला. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, औषध पुरे, आता हिचं वजन वाढवा, नाहीतर पुढचा ताप ही बाई सोसायची नाही. पटकन होईल असं काहीतरी दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. (आपल्या घरात घड्याळ नाही, हे मी बोललो नाही. पाणी पाजलेल्या मेंढ्या परत तहानल्या की दोन तास, असं मनाशी धरलं.) आता आधीचं वजन कळल्याशिवाय वाढलेलं कसं कळणार? म्हणून जवळा बाजारच्या आडतीवर मायला ज्वारीच्या काट्यावर बसवली. पस्तीस शेर भरली. तोलणाऱ्यानं हाताच्या सवयीनं बारदानाचा एक शेर कापला. मी म्हणालो, अरे हे लुगडं आहे, पोतं नव्हे. तर माय पारड्यातूनच म्हणाली, "काप बाबा, लुगडं माझं न्हाई, सुनंचं हाय." चौतीस धरले.

मग तुझी भावजय पंचफुला कामाला लागली. गहू-हरभरे भाजून सातूचं पीठ केलं, की गूळ-पाणी कालवलं की झालं जेवण. डिंकाचे लाडू केले, की उशाशी हात घातला की झालं जेवण. पण आजाऱ्याच्या समाचाराला येणाऱ्याला कोरडं पाठवायचं नाही, ही मायची रीत, आणि आजारी तीच. जो येईल त्याच्या हातावर लाडू. गोजरबाई एकट्या सहा वेळा समाचाराला आल्या. पंधरा दिवसांत डबा रिकामा झाला आणि वजन वाढलं ते गावाचं. शेवटी हिंगोलीहून दुधाच्या भुकटीचा डबा आणला. मायनं तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाली, "ज्या जनावराचं पिलू म्या पाह्यलं न्हाई, त्याचं दूध म्या पेणार न्हाई." त्या डब्यात आता मीठ असतं.

पुन्हा काट्यावर नेली तर बत्तीस शेर. आक्का, त्या दिवशी मी कापसाच्या गाड्यांमागं जाऊन रडलो. लिहिणार नव्हतो, पण तुझ्यापासून कधी काही लपवलं नाही.

परत येताना बैल सोडून मी तुरीच्या रानात बांधावर शिदोरी उघडली. माय गाडीतून उतरली, माझ्यासमोर बसली, आणि न विचारता अर्धी भाकरी खाऊन मोकळी झाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं, ही बाई उभ्या जन्मात दुपारी घरात जेवलीच कधी? तुला आठवतं का, एका काखेत कोकरू, डोक्यावर गठुडं, आणि पुढं मेंढ्या. ती गाठ इतकी आवळून बांधायची की सोडताना दात लावायची. कारळाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा, आणि भाकरीच्या पापुद्र्यासाठी आपली मारामारी. वाऱ्यानं माती पडली तर म्हणायची, तेवढंच मीठ वाचलं. ते दिवस हालाचेच होते, पण तशी भूक मला पुन्हा लागली नाही. दुपारी घरात कोण जेवतं, तर बाळंतीण नाहीतर मरायला टेकलेलं माणूस, असं तिचं पक्कं. आणि आम्ही तिला दर दोन तासांनी घरात भरवत होतो.

तेव्हापासून पंचफुला सकाळी तेच सातू, तेच लाडू आणि भाकरी फडक्यात घट्ट बांधून देते. माय गठुडं काखेत मारून माझ्या पुढं निघते. गोजरबाईंना दिसली ती वाकलेली म्हातारी, काखेत गठुडं, आणि मागं काठी घेतलेला मुलगा. (काठी मेंढ्यांसाठी होती.)

मागच्या बाजारी माय पस्तीस शेर भरली, तेही बारदान कापून. तेव्हा काळजी नसावी. हरभरा काढायचे दिवस आहेत, तू घर सोडून धावत येऊ नयेस. इथं सगळं ठीक आहे. लेकरांना आशीर्वाद.

तुझा मल्हारी

ता. क. — मायचे तीन शेर वाढले आणि माझे पाच. त्याचं असं आहे की गाठ सोडली की माय आधी तिच्या भाकरीचे दोन वाटे करते. मागं राहिलेल्या मेंढ्या वळवायला तू जायचीस ना? तेव्हा ठेवायची तसाच तुझा एक वाटा झाकून ठेवते आणि म्हणते, "चंद्रभागा येऊन राहिली." एरवी तिला सगळं समजतं, बाजारातले भाव माझ्याआधी सांगते. फक्त भाकरी मोडताना असं होतं. तिचा डोळा लागला की तुझा वाटा मी खातो. उठल्यावर विचारते, "जेवली का पोरगी?" मी व्हय म्हणतो.

पुन्हा ता. क. — दाजी, हे तुम्हाला. दोन दिवाळ्या आक्काला माहेरी न्यायला मी आलो नाही, चूक माझी. राग माझ्यावर काढा. सोमवारी गाडी घेऊन येतो, तिला महिनाभर पाठवा. वर सगळं ठीक आहे लिहिलं, ते कालपर्यंतचं. काल मायनं दोन्ही वाटे झाकून ठेवले. म्हणाली, "पोरगी लई येळ लावून राहिली. येऊ दे तिला, मंग दोघी जेवतो." आज सकाळपासून तिनं काही खाल्लं नाही.