पेटी मिळाली, फळं खाल्ली, आम्ही तिघंही खुशाल आहोत

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. तुमच्या बंधुराजांचाही नमस्कार. ते आत्ता अंघोळीला गेले आहेत, पण त्यांच्या वतीने मी काहीही लिहिलं तरी त्यांना चालतं, निदान वाचून दाखवेपर्यंत तरी. मामंजींनी आशीर्वाद वगैरे काही सांगितलेलं नाही, मात्र मी कागद घेऊन बसले तेव्हा टेबलावरचा दिवा त्यांनी न बोलता माझ्याकडे सरकवला, तो तुम्ही आशीर्वाद म्हणून घ्यावा. तुमच्या कंबरेचं दुखणं कमी आहे का? भावोजी जिना उतरताना कठडा धरतात का, की अजून मोबाइलच धरतात? आम्ही तिघंही इकडे खुशाल आहोत. हे वाक्य मी पत्रात असतं म्हणून लिहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात आमच्यापैकी प्रत्येकाला स्वतःबद्दल अगदी उलट खात्री होती, आणि त्याचं कारण तुम्ही पाठवलेली पेटी आहे. (तक्रार नाही. पुढे वाचा.)

पेटी उघडली तेव्हा कागदाच्या कातरणांतून ती गुलाबी गुलाबी फळं वर आली, अंगावर हिरवी पानं फुटलेली, जणू कोणी बटाट्याला लग्नाला निघायचं आहे असं सांगितलं होतं. सोबत तुमची चिठ्ठी, "ड्रॅगन फ्रूट आहेत, गार करून खा." वन्सं, गार करण्याबद्दल आम्हाला शंका नव्हती. शंका होती ती त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्याबद्दल. बंधुराजांनी ती पानं म्हणजे काटे असणार असं ठरवून ओव्हनचे जाड हातमोजे घातले आणि दुकानातलं भिंग आणून एकेक फळ तपासलं. (चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट नुसत्या डोळ्यांनी पाहिली की पाहिल्यासारखी वाटत नाही.) मग त्यांनी कांद्यासारखं वरून सोलायला घेतलं. पानं तुटून ओट्यावर पडू लागली, फळ आहे तसंच राहिलं. मी भाजीची सालकाढणी दिली, ती अडकली. मी जरा वाफवून बघू का असं विचारलं, तेव्हा बैठकीतून खाकरण्याचा आवाज आला.

मामंजी पेटी आल्यापासून वर्तमानपत्र वाचत होते. पेटी कोणी पाठवली हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं, पण झाकणावर तुमचं अक्षर होतं आणि त्यांनी खुर्ची अशी वळवून घेतली होती की ओटा दिसावा. तुम्ही आणि ते का बोलत नाही यावर मी काही लिहिणार नाही. गेल्या थंडीत तुम्ही दारात आलात, अंगात दुकानातून घेतलेला तयार कोट होता, आणि जन्मभर कोट शिवलेल्या माणसाने "ये" म्हणायच्या आधी तुमच्या खांद्याची शिवण चिमटीत धरून "हा खांदा कोणाचा? तुझा तर नाही" असं विचारलं, हे काही बरं झालं नाही. त्यावर तुम्ही, "निदान हा वेळेवर मिळाला" म्हणालात, तेही काही बरं झालं नाही. (त्यांचे कोट उशिरा होत हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होतं, पण त्यांच्या तोंडावर कोणी म्हटलेलं नव्हतं.) तेव्हापासून तुमची पार्सलं भावाच्या नावाने येतात, आणि मी मध्ये पडायचं नाही असं मला दोन्हीकडून बजावलेलं आहे. म्हणून मी लिहीत नाही.

तर मामंजी आत आले. हातमोजे बाजूला करायला लावले, फळ तळहातावर फिरवून त्याचा उभा-आडवा अंदाज घेतला, आणि सुरीने टोकापासून देठापर्यंत एकच सरळ काप दिला. मग सालीखाली अंगठा घालून नुसता फिरवला. कोटाचं अस्तर सुटावं तशी साल अख्खी सुटून आली. आत पांढरा गर असेल अशी आमची समजूत होती. निघाला तो गडद लालजांभळा, तिळाएवढ्या काळ्या बियांनी भरलेला, आणि त्याचा रस पाटावर, ओट्यावर आणि तुमच्या बंधुराजांच्या पांढऱ्या शर्टावर पसरला. तो शर्ट आता घरात घालायचा शर्ट आहे.

चवीबद्दल खरं लिहू का? एवढं रूप पाहून आम्ही काहीतरी जबरदस्त लागणार या तयारीने तोंड मिटलं, आणि वाट बघत राहिलो. कलिंगड आणि नाशपती यांच्यात बोलणी चालली असावीत आणि ऐनवेळी फिसकटली असावीत, तसं काहीसं लागलं. बंधुराज म्हणाले, "वा," आणि माझ्याकडे बघितलं. मीही "वा" म्हणाले. मामंजींनी एक फोड खाल्ली, बोटं धुतली, परत धुतली, बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "रंग पक्का आहे." वन्सं, ही त्यांच्या तोंडची मोठी तारीफ आहे. त्यानंतर त्यांनी एकट्याने अर्धं फळ संपवलं, आणि पुढे रोज आम्ही त्याचे नाना प्रकार केले. लिंबू पिळून झालं, साल वाटीसारखी ठेवून चमच्याने झालं, दुधात घालून मिक्सरमधून फिरवून झालं. गार केल्यावर चव खरंच सुधारते, हे तुमचं बरोबर. सगळ्यात जास्त मामंजींनी खाल्लं, आणि कोणी बघत नाही असं समजून साल चमच्याने खरवडलीही.

आता पुढचा भाग जरा संकोचाचा आहे, तेव्हा मी लांबून लांबून लिहिते आणि तुम्ही जवळून समजून घ्या. एके सकाळी मी न्हाणीघरात गेले आणि जे नेहमी पिवळसर असतं ते गुलाबी दिसलं. चांगलं ठसठशीत गुलाबी. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. फळाची आठवणसुद्धा झाली नाही, कारण अशा वेळी माणूस फळांचा विचार करत नाही, थेट शेवटाचा करतो. बाहेर येऊन मी ठरवलं की घरात कोणाला सांगायचं नाही. ह्यांना उगाच घोर लागेल, मामंजींचं वय झालेलं. मी तोंड धुतलं, चहा ठेवला आणि चांगलं वागायला सुरुवात केली.

मला माहीत नव्हतं की दोघांनीही तेच पाहिलं होतं आणि तेच ठरवलं होतं.

वन्सं, असं घर तुम्ही पाहिलेलं नाही. बंधुराजांनी मोरीचा गळका नळ दुरुस्त केला, ज्याचं मी सांगून सांगून सोडून दिलं होतं. मग मला हाताला धरून विजेचा मुख्य खटका कुठे आहे, गॅसची नळी कधी बदलायची हे दाखवलं आणि खिडकीबाहेर बघत, "आपलं माहीत असावं," म्हणाले. मी त्यांची ती गोष्ट, दोन गिऱ्हाइकं एकमेकांचे चष्मे घालून गेली आणि दोघांनाही बरं दिसायला लागलं ती, पहिल्यापासून ऐकली आणि जिथे हसायचं तिथे हसले. टीव्हीचा रिमोट त्यांनी मामंजींना दिला, मामंजींनी मला दिला, मी परत त्यांना दिला, शेवटी टीव्ही लागलाच नाही आणि आम्ही तिघं बंद पडद्यासमोर गुण्यागोविंदाने बसून राहिलो. मामंजींनी तर शिलाई मशीनवरचं आच्छादन काढलं. वर्षभर त्यावर कुंडी होती. कुंडी खाली ठेवली, मशीनला तेल घातलं, कपाटावरून गडद निळ्या लोकरी कापडाचा गठ्ठा उतरवला आणि खडूने रेघा मारायला बसले. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. (मी दिवसभर बस स्थानकात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर असते. वस्तू कोणाची हे आपण विचारायचं नसतं, मालकाने येऊन सांगायचं असतं.) त्यांची कात्री मात्र मी इतकी घाईत चाललेली कधी ऐकली नव्हती.

शेवटी मला राहवेना. जेवणाच्या सुट्टीत मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाहेरच्या बाकावर मामंजी बसले होते, इस्त्रीच्या कपड्यांत. त्यांनी मला पाहिलं आणि गुडघा चोळायला सुरुवात केली. मी म्हटलं, कोणीतरी इथे छत्री विसरलंय म्हणून बघायला आले. ते "असं का" म्हणाले. तेवढ्यात दार उघडून तुमचे बंधुराज आले, आम्हाला पाहून जागच्या जागी वळले आणि भिंतीवरचा आहाराचा तक्ता वाचू लागले. बाईंनी "पुढचे कोण?" असं विचारल्यावर आम्ही तिघंही उठलो.

आत गेल्यावर मामंजी म्हणाले, "आधी मला बघा. माझं एक काम अर्ध्यावर आहे. किती दिवस हातात आहेत तेवढंच सांगा, बाकी काही नको."

बंधुराजांनी त्यांच्याकडे पाहिलं, मी बंधुराजांकडे, आणि हळूहळू एकेक करून तिघांनीही आपापलं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. जिभा बाहेर काढायला लावल्या. तिघांच्या जिभा एकाच रंगाच्या होत्या. बंधुराजांची नखंही.

"ड्रॅगन फ्रूट," बाई म्हणाल्या. "लाल गराचं. रोज खाताय का?"

रंग नुसता फळाचा आहे, काही अपाय नाही, खाणं थांबवलं की आपोआप जाईल, नाही गेला तर मात्र परत या, असं त्यांनी सांगितलं. (थांबवलं. गेला.) त्या हसल्या नाहीत, पण आम्ही बाहेर पडल्यावर आतून आवाज आला.

घरी येऊन जिना चढता चढता बंधुराजांनी नळाला लागलेल्या नव्या चकतीचा विषय काढला आणि मी त्यांना म्हटलं की ती चष्म्यांची गोष्ट आता पुरे. म्हणजे सगळं पूर्ववत झालं. रिमोट त्यांच्याकडेच आहे. मला वाटलं होतं, मामंजीही आता कापड गुंडाळून ठेवतील आणि कुंडी परत मशीनवर जाईल. मी विचारलंही, की आता काही घाई नाही ना? ते सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, "कापून झालंय, सूनबाई. आता शिवायलाच हवं."

तेव्हा पेटीबद्दल मनापासून आभार. फळं उत्तम होती असं तुम्ही सगळ्यांना सांगायला हरकत नाही. लिहिताना काही अधिकउणं झालं असेल तर माझ्या वयाकडे बघून सोडून द्यावं, आणि वयाकडे बघून सोडवत नसेल तर नात्याकडे बघून.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. एक छोटंसं काम होतं. तुमच्या खांद्याचं, छातीचं आणि बाहीचं माप कळवाल का? आत्ताचं, खरं माप, लग्नातलं नको. निळा कोट तुमचा आहे. मामंजी तसं म्हणालेले नाहीत, पण काल त्यांनी तो माझ्या अंगावर धरला, मान हलवली आणि "ती उजवा खांदा जरा उतरता धरते" असं स्वतःशीच म्हणाले. माझे खांदे सरळ आहेत. हे मी तुम्हाला लिहिल्याचं त्यांना कळू देऊ नका.

ता. क. २. त्यांना कळलं. मी पाकीट आणायला उठले तेवढ्यात त्यांनी पत्र वाचलं, सगळं. गुलाबी मजकुरासकट. रागावले नाहीत. मापं पाठवायची गरज नाही, आपल्याला पाठ आहेत, असं तुम्हाला कळवायला सांगितलं आहे. मात्र उजवी बाही त्यांनी लावलेली नाही. ट्रायल घेतल्याशिवाय ते ती लावत नाहीत, कोणाचीच नाही, आणि ट्रायल पत्राने होत नाही.

कधी येताय, असं विचारलंय. मी नाही, त्यांनी.