पाठमोरे दाजी

सांगली,
मार्गशीर्ष, शके १८६९

प्रिय अंबू,

तुझं पत्र पोचलं. दाजींची पलटण काश्मीरला निघाली, रजा या आठवड्यात संपते, तर निघायचा मुहूर्त कोणता धरावा, असं विचारलंयस. आणि खाली बारीक अक्षरात, शालन कशी आहे. मजेत आहे तुझी लेक. बापानं अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही, हे तुझ्या मनात काय टोचत असेल ते मला कळतं. मुहूर्त सांगतो, पण आधी आमच्या ज्योतिष मंडळाचं थोडं ऐक. तो विषय निघाला की तू जांभई देतेस, ठाऊक आहे. आज देऊ नकोस.

एका वर्षी पेठेत दोन पंचांगांनी दसरा दोन दिवशी दिला आणि आपट्याची पानं दोनदा वाटली गेली. त्या भांडणातून मंडळ निघालं. आप्पासोंच्या हळदीच्या वखारीवरची माडी, दर अमावास्येला बैठक. अमावास्येला अशासाठी, की त्या दिवशी कुणी पत्रिका दाखवायला येत नाही. बैठकीहून येणारा माणूस हळदीच्या नवरदेवासारखा पिवळा दिसतो, असं तुझी वहिनी रंगू म्हणते. मी चौथी शिकलेला, वखारीतला मापाडी. जुनी पंचांगं उसवून गणित शिकलो. सुरुवातीला शास्त्रीमंडळी मला जाजमाच्या कडेला बसवायची. दोन वर्षांत तीच मंडळी आपलं गणित तपासायला माझ्यापुढं ठेवू लागली. मंडळाचे नियम माझे आहेत. नात्यातली पत्रिका स्वतः मांडायची नाही. तिघांनी वेगवेगळी मांडायची, तिन्ही जुळल्या तरच फळ सांगायचं. ज्याच्या घरची पत्रिका, त्यानं गणित बघायलाही मागायचं नाही. मागच्या महायुद्धात सरकारनं घड्याळं तासभर पुढं करायला लावली, तेव्हाचा नियमही माझाच: सांगितलेल्या जन्मवेळेतून सरसकट एक तास वजा करायचा.

माझं खिशातलं घड्याळ मात्र मी हलवलं नाही. हुकूम निघाला म्हणून सूर्य काही लवकर उगवत नाही. सगळी पेठ नव्या वेळेनं चालायची, मी जुन्या. हमाल हसायचे, "नाथाजीराव, तुमच्यात आजून सकाळच हाय व्हय?" मला त्याचा अभिमान वाटायचा.

शालन वटपौर्णिमेच्या सकाळी झाली. भामाबाई सुईणीनं आतून हाक दिली, तेव्हा मी दाराबाहेर तेच घड्याळ धरून उभा होतो. मंडळाला मी वेळ सांगितली ती त्याच घड्याळाची, आणि ते जुन्या वेळेचं आहे हे सांगितलं नाही. सगळ्यांना माहीतच आहे, असं धरून चाललो. तिघांनी नियमाप्रमाणं तास वजा केला. जो तास मी कधी मिळवलाच नव्हता, तो गेला. तिन्ही पत्रिका जुळल्या. जन्म मूळ नक्षत्राच्या अगदी आरंभीच्या, सर्वांत वाईट घटकांतला निघाला. बापानं आठ वर्षं तोंड पाहू नये. तू तिला रंगूच्या ओटीत घातलंस आणि दुधानं पदर भिजत असताना वडूजची मोटार धरलीस.

खऱ्या वेळेला त्या वाईट घटका सरून गेल्या होत्या, अंबू. सत्ताविसाव्या दिवशी नक्षत्रशांती केली असती, दाजींनी तेलाच्या वाटीत तिचं प्रतिबिंब पाहिलं असतं आणि लेकीला मांडीवर घेतलं असतं.

हे मला कालपरवा कळलेलं नाही. लढाई संपली, घड्याळं मागं घ्यायचा दिवस आला, तेव्हा रंगू चेष्टेनं म्हणाली, "सगळी मागं करतायत. तुमी काय करनार? तुमचं तर पुढं गेलंच नव्हतं." मी जेवता जेवता थांबलो. शालन तेव्हा दोन वर्षांची होती, रंगूच्या पदराला हात पुसत होती.

गेल्या रजेत दाजी इथं आले ते आठवतं? अंगणात रस्त्याकडं तोंड करून बसले होते. शालन मागून तांब्या घेऊन गेली, त्यांनी न वळता हात मागं केला. ती म्हणाली, "तुमची मान वळत न्हाई व्हय?" दाजी म्हणाले, "न्हाई गं बाय, लढाईत आखडली." तिला हसू आलं, त्यांनाही आलं. मला म्हणाले, "पाव्हणं, आवाज लय खणखणीत हाय हिचा." मी उंबऱ्यावर उभा होतो. वळायला काही हरकत नाही, हे ठाऊक असलेला त्या घरात मी एकटा. तोंड उघडलं नाही.

मंडळाची अब्रू जाईल म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. आम्हाला मूल नाही. ती रंगूला आई म्हणते. संध्याकाळी माझ्या मांडीवर बसून त्याच घड्याळाला कान लावते आणि झोपते. आणखी साडेतीन वर्षं मिळतील, एवढाच माझा हिशेब होता. त्यात काश्मीर धरलेलं नव्हतं.

तुझं पत्र वाचून रंगूला सगळं सांगितलं. ती शालनचे कपडे घड्या करायला बसली आणि म्हणाली, "वन्संला लिवा, तिला दूध गार लागतंय. गरम दिलं की थुकती." येत्या अमावास्येला मंडळापुढंही सांगणार आहे. पुन्हा जाजमाच्या कडेला बसवलं तर बसेन. शास्त्र चुकलं नाही, मी चुकलो. गुरुवारच्या मोटारीनं आम्ही तिघं वडूजला येतो. भटजींना शांतीचं सांगून ठेव, तेलाची वाटी काढून ठेव. दाजींना हे पत्र आधी वाचून दाखव. मला मारायचं असेल तर मारू देत, फक्त शालनच्या देखत नको. मुहूर्त विचारलास ना? लेकीला डोळे भरून पाहिल्यावर त्यांनी केव्हाही निघावं. मोटारीजवळ मात्र पाठमोरे उभे राहू देऊ नकोस. त्यांची मान आता बरी झाली आहे, असं मी शालनला सांगून ठेवलंय.

तुझाच, अजून म्हणवत असेल तर,
नाथाजी