सातवा भाग, स्वच्छ आवृत्ती

४ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून रोजनिशी. विचारी माणसानं विचार लिहून ठेवावेत. आज मला फार विचार आले.

क्लबची मीटिंग, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. हा अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचा, क्लब मी आणि माझ्या डेंटिस्ट मित्रानं काढला, वीस वर्षांपूर्वी. तेव्हा सगळे मला सर म्हणायचे. आता कॉलेजची पोरं येतात आणि काका म्हणतात. डेंटिस्टलाही काका म्हणतात, पण त्याला ते शोभतं.

नवी सेक्रेटरी जनावरांची डॉक्टर होतेय. माणसांशीही समोरचा चावेल हे गृहीत धरूनच बोलते. तिनं महिन्याचा विषय जाहीर केला: फॅन सर्व्हिस, तेव्हा आणि आता. व्याख्याही दिली. कथेला काडीची गरज नसताना केवळ बघणाऱ्याचे डोळे निवावेत म्हणून घातलेली दृश्यं. अचानक सुटणारा वारा, अचानक लागणारं गरम पाण्याचं कुंड, अचानक आखूड होणारा युनिफॉर्म. आणि ‘तेव्हा’चा नमुना म्हणून पंचवीस तारखेला दाखवायला एकमतानं निवडली ‘काळोखाची नौका’, भाग सातवा.

माझी ‘काळोखाची नौका’! एकाकी कॅप्टन, हरत आलेलं युद्ध, कर्तव्य की करुणा! मी उभं राहून स्पष्ट सांगितलं की ही मालिका मी वीस वर्षं कथेसाठी बघतोय आणि त्यात असलं काही असल्याचं माझ्या कधी लक्षात आलेलं नाही. खोलीत शांतता. मग कुणीतरी खोकलं. शांतता आदराची होती. खोकला हवेचा असावा.

घरी येऊन बायकोला सांगितलं, अर्थात विषयाचं नाव वगळून. ती म्हणाली, पंचवीसला मीपण येते. तिच्या क्लिनिकमधले शनिवार संध्याकाळचे पेशंट आता बंद झालेत. वीस वर्षं तू काय अभ्यास करतोस ते एकदा बघू तरी दे, म्हणाली.

जेवण गेलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

परिस्थिती नीट मांडतो. बायको फिजिओथेरपिस्ट. हुशार. माझं चष्म्याचं दुकान, तेही बरं चालतं, पण चष्म्याच्या दुकानाचं कौतुक कोण करतं? माझ्याबद्दल चारचौघांत सांगावं असं तिच्याकडे एकच आहे. याचा जपानी तत्त्वज्ञानाचा अभ्यास आहे, असं ती नणंदेला, म्हणजे माझ्या बहिणीला, जावेला, लिफ्टमधल्या अनोळखी माणसांनासुद्धा सांगते. शनिवारी संध्याकाळी घरात मला कुणी हाक मारत नाही ते त्यामुळेच. तिच्या डोळ्यांतला तो मान गेला तर माझ्यापाशी नुसत्या फ्रेमी उरतील.

पण घाबरण्याचं कारण नाही. सातव्या भागात आक्षेपार्ह म्हणावीत अशी दोनच दृश्यं आहेत आणि तीही ओझरती. तेवढी कापली की झालं. अर्ध्या तासाचं काम.

६ ऑक्टोबर, सोमवार

सातवा भाग पुन्हा पाहिला, यावेळी परीक्षकाच्या नजरेनं. दोनपेक्षा थोडी जास्त निघाली.

एक गोष्ट मात्र खटकली. तहाच्या अटी ठरतात तो सगळा प्रसंग गरम पाण्याच्या कुंडात घडतो. दोन्ही बाजूंच्या सेनाप्रमुख बायका. नकाशासुद्धा पाण्यात. वीस वर्षांत हे मला जाणवलं नव्हतं. इतका मी संवादांत रमलेलो असायचो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दुकानात डोळे तपासायची अंधारी खोली आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. तिथं लॅपटॉप लावून एडिटिंग शिकलो. सोपं आहे. कापायचं आणि जोडायचं.

अडचण अशी की ‘मरण येतंय हे कळूनही दिवा लावायचा तो दुसऱ्याला वाट दिसावी म्हणून’ हे कॅप्टनचं सर्वांत थोर वाक्य चालू असताना कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर नाही. खूप खाली आहे. आणि हळूहळू आणखी खाली जातो.

तोडगा: आवाज ठेवायचा, चित्राच्या जागी आकाशातले तारे टाकायचे. मला हे सुचलं याचं मलाच नवल वाटलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

क्लबमध्ये आज ‘आता’चा नमुना. होडीच्या शर्यतीची मालिका. नायक आठ. शर्ट एकूण दोन, तेही पहिल्याच प्रसंगात फाटले. नंतर सगळी कथा घामानं पुढं सरकते. पोरींनी शिट्ट्या मारल्या. पोरांनीही मारल्या. सेक्रेटरीनं एका खांद्याचं दृश्य तीन वेळा मागे नेऊन दाखवलं.

मला राहवलं नाही. उठून म्हणालो, हा माणूस आहे, बघायची वस्तू नाही, त्याला काही मन असेल की नाही? सेक्रेटरीनं नम्रपणे विचारलं, काका, मग तुमची कॅप्टन कोण होती?

चोख उत्तर दिलं असतं. पण ते घरी जिना चढताना सुचलं. आणि आता लिहायला बसलो तर आठवत नाही.

बाकी या पिढीबद्दल माझा अंदाज साफ चुकला. मला वाटलं होतं ही पोरं चिडतील, मोर्चे काढतील, आणि मी कलेच्या बाजूनं छाती पुढे करून उभा राहीन. पण कुणी चिडतच नाही. जुन्या मालिकांमधली काही कुंडं सेक्रेटरीनं नमुन्यादाखल दाखवली तर पोरं जांभया देत होती. एकानं त्या वेळात बुटाची नाडी बांधली. मी वीस वर्षं पडदे ओढून, आवाज बारीक करून जे पाहिलं ते बघताना एखादा माणूस नाडी बांधतो! (कथा पाहिली, असं मला म्हणायचंय.)

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काम जोरात. कापत गेलो की कळतं, एका ठिकाणी कापलं की शेजारचं उघडं पडतं. चोवीस मिनिटांचा भाग आता अकरावर आलाय. त्यातही तारे भरपूर.

बाहेर एक आजोबा तक्त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचत होते आणि मी आत कॅप्टनची मांडी कापत होतो. ते ओरडले, आता बरोबर आहे का? दचकून हो म्हणालो. ते स्वतःच्या लेन्सबद्दल विचारत होते. त्यांना चुकीचा नंबर गेला की काय, उद्या बघायला हवं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

डेंटिस्टला विश्वासात घेतलं. चूक झाली. म्हणाला, ही सेन्सॉरशिप आहे, कॉलेजात असताना टीव्हीवाल्यांनी हीच मालिका कापली म्हणून तू दोन दिवस उपाशी बसला होतास. तो लढा तत्त्वाचा होता, असं मी त्याला सांगितलं. आजचा लढा घराचा आहे. तो अविवाहित आहे, त्याला काय कळणार?

२५ ऑक्टोबर, शनिवार

विजय! दणदणीत विजय!

सविस्तर लिहितो. खोली भरलेली. बायको पहिल्या रांगेत, निळा ड्रेस, हातात पर्स घट्ट धरलेली. मी म्हणालो, आज मी माझी स्वतःची आवृत्ती दाखवतोय. दिवे गेले. अकरा मिनिटं. कॅप्टन कमी दिसते, पण दिसते तेव्हा चेहराच दिसतो. ते दिव्याचं वाक्य आलं आणि पडद्यावर नुसते तारे. नाडीवाल्यानं नाडीला हात लावला नाही.

दिवे लागले तर बायको रडत होती. ही बाई मणक्याच्या ऑपरेशनचे व्हिडिओ बघत बिस्किटं खाते! माझा हात धरला सगळ्यांसमोर. म्हणाली, इतकं सुंदर काही तू बघत होतास आणि मला एकदाही बोलावलं नाहीस?

मग सेक्रेटरी उठली. काकांनी कॅप्टनला तिचा चेहरा परत दिला, म्हणाली. टाळ्या. एका पोरीनं मला सर म्हटलं. डेंटिस्ट तेवढा मागे बसून छताकडे बघत होता. मत्सर वाईट.

मी नवीन काळाचा माणूस आहे. पहिल्यापासूनच होतो. कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी चहा हातात मिळाला. दोनदा. नणंदेला फोन गेला.

दुपारी बायको म्हणाली, मला ही मालिका पहिल्यापासून बघायची आहे. सगळी. रोज जेवणानंतर एकेक भाग, आपण दोघं, तू समजावून सांग. लग्नानंतर तिनं असं माझ्याकडून काही मागितल्याचं आठवत नाही. लगेच हो म्हटलं. मग लक्षात आलं की एकूण भाग सव्वीस आहेत आणि कापलेला एक आहे.

म्हणालो, शनिवारपासून सुरू करू, प्रिंट साफ करून घेतो. दिवसाला चार भाग कापले की निभेल. पहाटे उठायचं. चहा सोडायचा. अंधारी खोली दिवसभर बंद ठेवायची.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पहाटे उठणं जमलं नाही. चहा सोडणंही.

पहिला भाग कापून चार मिनिटं उरला. दुसऱ्या भागात सगळे पोहायला जातात. तिसऱ्यात वारा सुटतो तो भाग संपेपर्यंत थांबत नाही. अंतराळात! तिथं हवाच नसते! एवढं विज्ञान तरी पाळावं. दिग्दर्शकाचा मला पहिल्यांदाच राग आला.

आजोबा परत आले होते. जिन्याच्या पायऱ्या त्यांना दुप्पट दिसतात. चष्मा बदलून दिला, फुकट.

१ नोव्हेंबर, शनिवार

संपलं.

क्लबमधून घरी आलो तर बायको लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. सेक्रेटरीनं तिला सोमवारीच अख्खी मालिका पाठवली होती, न कापलेली. त्या दोघींचं फोनवर सूत जुळलंय हे मला आज कळतंय. सव्वीसही भाग बघून झाले होते.

मी चार मुद्दे तयार ठेवले होते: कला, काळ, संस्कृतीतला फरक, माझं तेव्हाचं वय. एकही काढू दिला नाही. ती रागावली नव्हती, ते जास्त वाईट. आधी म्हणाली, ही तुझी कॅप्टन पुढून आणि मागून एकाच वेळी दिसेल अशी उभी राहते, पंधरा दिवसांत कंबर धरून माझ्याकडे येईल. मग म्हणाली, कथा चांगली आहे, पण पोहायला फार जातात.

मी म्हणालो, असेल, माझं कधी लक्षच गेलं नाही.

तेव्हा तिनं चष्मा काढला. विचारलं, लक्ष गेलं नाही तर कापलंस कसं? सातव्या भागात एक सेकंद इकडेतिकडे झालेला नाही. कुंडाचं दार उघडायच्या आधी कात्री चालली आहे. हे दार कुंडाचं आहे, हे तुला ते उघडायच्या आधीच कसं माहीत?

मी जिन्यात जाऊन दोनदा वरखाली केलं. यावेळी जिन्यातसुद्धा काही सुचलं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

घरात सगळं सुरळीत आहे. फार सुरळीत. बायको फोनवर नणंदेशी बोलताना अभ्यास हा शब्द आला की दोघी हसतात. मी खोलीत गेलो की हसणं थांबतं, मग परत सुरू होतं. मला वाईट वाटतं. इथं कुणी वाचत नाही म्हणून लिहितो, फार वाईट वाटतं.

निश्चय: आता लाजायचं नाही. मी काय चोरी केली? शनिवारी बायको क्लबला जाणार आहे, होडीवाल्यांचा दुसरा सीझन आहे. मी जाणार नाही. घरी एकटा बसून सातवा भाग मूळ स्वरूपात बघणार, उजळ माथ्यानं, पूर्ण आवाजात. सगळी कुंडं.

८ नोव्हेंबर, शनिवार

बायको संध्याकाळी गेली. कॉफी केली. पडदे ओढले, मग मुद्दाम उघडले. समोरच्या इमारतीला बघायचं तर बघू दे.

सुरू केलं. वारा आला, गेला. कुंड आलं. मी पुढे सरसावून बसलो आणि वाट बघत राहिलो. काही झालं नाही. सगळं जागच्या जागी होतं, मला एकेक थेंब पाठ आहे, पण मला वाटत होतं की या आता बाहेर याव्यात आणि तहाचं काय ते ठरवावं. नकाशा भिजतोय, हा एकच विचार डोक्यात. मग दिव्याचं वाक्य आलं, कॅमेरा खाली खाली गेला आणि मी चक्क ओरडलो, अरे वर बघ, ती बोलतेय!

बंद केलं. थकवा असेल. माझी आवृत्ती लावली. अकरा मिनिटं. तारे आले, तिचा आवाज आला, आणि मला रडू कोसळलं. ती मरणार हे तिला माहीत होतं. वीस वर्षं मी त्या खोलीत तिच्याबरोबर होतो आणि ती काय म्हणतेय ते मी ऐकलंच नव्हतं. पुन्हा लावलं. पुन्हा रडलो.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. प्रोजेक्टर बिघडल्यामुळे बायको लवकर परतली होती. मी झटकन लॅपटॉप मिटला. ती बघत राहिली. माझे डोळे लाल, आवाज बसलेला. तिनं विचारलं, काय बघत होतास?

खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही. पण अभ्यास हा शब्द आठवला, नणंद आठवली. कोण विश्वास ठेवणार?

म्हणालो, कुंड.

ती म्हणाली, वाटलंच, आणि आत हात धुवायला गेली.