न धुता शिवायची गोधडी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
निलंगा, ता. १२ जानेवारी २०२५

ती. रेवणप्पा काकांस,
उज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

फोन करत नाही, कारण मी काहीही बोलले तरी पलीकडून तुमचं ‘हाव, हाव’ येतं आणि ऐकू काहीच गेलेलं नसतं. यंत्र कपाटात ठेवून कान सुधारत नाहीत, एवढंच सांगते.

आमचं गोधड्यांचं दुकान, म्हणजे फोनमधलं, बरं चाललंय. सासूबाई आणि गल्लीतल्या तिघी शिवतात, मी फोटो टाकते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. गिऱ्हाइकं तरी कुठकुठची! जपानचा एक जण लांबी-रुंदी तीनतीनदा विचारतो, फ्रान्सच्या बाईला धागा सुती आहे का ते हवं असतं. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. फोन त्यांचं मराठीत करून देतो आणि माझं त्यांच्या भाषेत. वरचेवर लागणारी उत्तरं तर मी सहा भाषांत तयारच करून ठेवलीत.

आता चूक सांगते. सासूबाई चाळीस वर्षं बांगड्यांच्या दुकानात बसल्या. बोहनीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही हा त्यांचा नेम, आणि तोच मी फोनलाही लावला. सकाळी पहिला निरोप ज्याचा असेल त्याला न वाचताच तयार उत्तर पाठवायचं, की होय, तुमच्या इच्छेप्रमाणे करू. मग चहा.

नोव्हेंबरात असाच एक जर्मन निरोप आला, त्याला होय गेलं. नंतर वरवर चाळलं तेव्हा एवढंच कळलं की हेल्गा नावाची बाई आहे, घरातले जुने कपडे पाठवणार आणि त्यांची गोधडी हवी. असं पुष्कळ जण मागतात. डिसेंबरच्या शेवटी पार्सल आलं. पाच सदरे, दोन पायजमे, एक चादर. सासूबाईंनी नेहमीसारखं सगळं सोड्यात भिजवलं, नळाखाली घासलं, दोन उन्हं दाखवली. जुन्या कापडाला धुतल्याशिवाय सुई लावायची नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

परवा मापासाठी तो निरोप पुन्हा काढला आणि पहिल्यांदा पूर्ण वाचला. कपडे तिच्या मुलाचे आहेत. एकोणीस वर्षांचा होता, गेल्या वर्षी वारला. तिनं विचारलं होतं की हे न धुता शिवाल का, कारण त्यांना अजून त्याचा वास आहे; धुवावेच लागणार असतील तर ती पाठवणार नव्हती. त्याला मी होय म्हणाले.

काका, तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. ह्यांचं म्हणणं, सांगूच नको, तिला वाटेल वास प्रवासात उडाला. तुम्ही जन्मभर लोकांचे अर्ज लिहिलेत. तिला राग येणार नाही असं काहीतरी लिहून द्या. काकूंना नमस्कार. रागावलात तरी माया कमी करू नका.

आपली,
उज्वला

हदगाव, ता. १९ जानेवारी २०२५

चि. सौ. उज्वला हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. कानाच्या यंत्राविषयीचा मजकूर मात्र अक्षर न लागल्यामुळे वाचता आला नाही.

जावई बसवंतरावांचा सल्ला आमच्या तहसीलच्या आवारात चांगला खपला असता. पण ती बाई गोधडी हातात घेतल्याबरोबर आधी नाकाशी नेईल. तिच्यापासून काय लपवणार?

राग येणार नाही असं पत्र मला लिहिता येत नाही. छत्तीस वर्षं अर्ज लिहिले, तेव्हा एक शिस्त पाळली. ज्याचा अंगठा, त्याला आधी मोठ्यानं वाचून दाखवायचं. एकदाच चुकलो. धुरपताबाई म्हणून एक होती. शेताला तिचं आणि बहिणीचं, दोघींचं नाव लावायचं होतं. घाईत मी एकटीचं लिहिलं, वाचून दाखवलं नाही, अंगठा घेतला. कळलं तेव्हा तिच्या दारी जाऊन सांगितलं. तिनं पाणी दिलं, ऐकून घेतलं, आणि पुन्हा कधी माझ्याकडे अर्जाला आली नाही. ते योग्यच होतं.

तेव्हा तूच लिही. छोटी छोटी वाक्यं कर, एका वाक्यात एकच गोष्ट. म्हणी, अलंकार, मेहेरबानी काही नको. जर्मन झालेलं पुन्हा मराठीत करून घे आणि तुझ्या सासूबाईंना, सिद्धम्मांना, मोठ्यानं वाचून दाखव. धुणारे हात त्यांचे आहेत, त्यांना ठाऊक असलं पाहिजे. बाईचं उत्तर येईपर्यंत कापडाला सुई लावू नका. आणि ते न वाचता होय म्हणणं बंद कर. तुझा बापही असाच होता, लग्नाच्या याद्यांवर न वाचता सही करायचा.

काकू खुशाल आहे. कळवत जा, वाट पाहतो.

तुझा काका,
रेवणप्पा

निलंगा, ता. ६ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. पहिल्या खर्ड्यात मी चूक पोटात घाला असं लिहिलं होतं, ते उलटून आलं तेव्हा फोन म्हणाला, चूक खाऊन टाका. मग सगळं खोडलं. शेवटी गेलं ते एवढं: मी तुमचा निरोप न वाचता होय म्हणाले. आम्ही कपडे धुतले. वास गेला. चूक माझी आहे. शिवू की परत पाठवू, ते सांगा.

सासूबाईंना तिचा निरोप आधी वाचून दाखवला. त्यांना फक्त परदेशातले जुने कपडे एवढंच ठाऊक होतं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या की एका सदऱ्याची कॉलर लई मळकी होती म्हणून त्यांनी ती दोनदा घासली. त्या दिवशी मला फार रडू आलं.

आठवडाभर काही नाही. काल उत्तर आलं. तिनं लिहिलंय की तुम्ही होय म्हणाला होता, म्हणूनच मी पाठवले. पुढे काही नाही. मी समजुतीचं लिहायला बसले तर सासूबाईंनी हात धरला. त्यांचं म्हणणं, तिचं खरंच हाय, तेवढंच लिही. तेवढंच लिहिलं. कपडे घडी करून ठेवलेत.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.

आपली,
उज्वला

हदगाव, ता. १३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. उज्वलास आशीर्वाद.

सिद्धम्मा माझ्यापेक्षा चांगल्या अर्जनवीस झाल्या असत्या. आता तिला पुन्हा लिहू नकोस, फुलं-बिलं, हात जोडलेली चित्रं पाठवू नकोस. तिला वेळ लागेल. कदाचित ती लिहिणारच नाही, ती तयारीही ठेव.

तुझ्या चुकीचं वाईट वाटलं, सांगितलंस ते आवडलं. दोन्ही एकदमच कळवतो.

रेवणप्पा

निलंगा, ता. ३० मार्च २०२५

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण कळवण्यासारखं काही नव्हतं. मग फेब्रुवारीच्या अखेरीस तिचा एका शब्दाचा निरोप आला. शिवा. खात्री म्हणून मी तो तीनदा भाषांतर करून पाहिला.

सासूबाईंनी गोधडी एकट्यांनीच शिवली, गल्लीतल्या कुणाला हात लावू दिला नाही. अंगणात पाण्याच्या चुलीपाशी ऊन येतं, तिथं बसायच्या. डोळ्यांना सुईचं नाकं दिसत नाही म्हणून सुई मी ओवून द्यायची. एवढे बारीक टाके त्यांनी माझ्या लग्नाच्या गोधडीलाही घातले नव्हते, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

काल तिचा निरोप आला. चहाच्या आधी, पूर्ण वाचला. गोधडी पोचली. टाके सुंदर आहेत. त्याचा वास नाही. धुराचा वास आहे, तो तुमच्या घराचा असावा. मी ही धुणार नाही.

सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग स्वतःचा पदर नाकाशी धरून पाहिला, आणि आत गेल्या.

काकूंना नमस्कार सांगा. आमची आठवण ठेवा.

आपली,
उज्वला