लाटणं थांबलं

दोहा, मे १९८१, गुरुवार संध्याकाळ

कंपनीतल्या सूचना कामगारांसाठी सोप्या हिंदीत लिहिणं ही माझी नोकरी. प्रत्येक सूचना आधी सुमनला पोळ्या लाटताना वाचून दाखवतो. तिचं लाटणं थांबलं की वाक्य अवघड, पुन्हा लिहायचं.

आज सूचना नव्हती. मिनूच्या शाळेसाठी मायलेकी जूनमध्ये नाशिकला राहायला जाणार, त्याबद्दल बोलायचं होतं. मी आपला तिथल्या भाड्याबद्दल, इथल्या शाळेबद्दल, हवेबद्दल... लाटणं सारखं थांबत होतं.

शेवटी बाईसाहेब वैतागल्या. "अहो, कामगारांना सांगता तसं सांगा आणि खलास!"

"जाऊ नकोस."

याहून सोपं मी आजवर काय लिहिलंय? तरी लाटणं थांबलंच. तव्यावरची पोळी करपली, पण ती उलटायला दोघांपैकी कुणीच हललं नाही.